पाळी कोणाची

लिमये मास्तरांनी घोडा पुढे टाकला. समोरच्या यंत्रमानवानेही घोडाच टाकला. बुद्धिबळ शिकायला बसवल्यापासून तो त्यांच्या प्रत्येक चालीची नक्कल करायचा. खेळण्याआधी कानाची पाळी चोळायची त्यांची खोडही त्याने सोडली नव्हती.

“अरे, स्वतःचं डोकं कधी चालवणार?” मास्तर वैतागले.

पाळी मास्तरांची होती, तरी यंत्रानेच उंट हलवला. मास्तरांच्या मनात नेमकी तीच चाल होती.

“अहो, चहा झालाय!” आतून बाईंची हाक आली.

“आलोच!” पटापलीकडून मास्तरांचाच आवाज आला.

त्याला दटावायला मास्तरांनी तोंड उघडलं. “आलोच,” एवढंच बाहेर पडलं.

यंत्राने कानाची पाळी चोळली. पाठोपाठ मास्तरांचा हात, ते आवरत असतानाही, कानाकडे गेला.