देवाचे मासे

देवाच्या डोहात चपला घालून कोणी उतरत नाही, म्हणून भिवाने त्या काठावर काढल्या. मिरचीवर औषध फवारून झालं होतं. पाठीवरचा पंप तेवढा विसळायचा होता.

त्याला बघताच खडस मासे वर आले. इतर नद्यांतून संपलेले हे मासे इथे देवाचे म्हणून वाचले होते. माणूस दिसला की लाह्या मिळतात, एवढंच त्यांना ठाऊक.

"अहो, विष आहे त्यात!" बांधावरून बायको ओरडली.

"तळाला थेंबभर असेल," म्हणत भिवाने पंप कलता केला.

मासे तोंडं उघडून खालीच थांबले. पंपातून पांढरा थेंब लोंबला. भिवाने तो झटकन तळहातावर झेलला.

हात भाजू लागला. पाणी पायाशीच होतं, पण हात बुडवायची हिंमत होईना. तो मागे सरकला, तसे मासे काठापर्यंत त्याच्यामागे आले.