वळणावरची नवी पाटी

“‘चालवा’ म्हटलं की दटावल्यासारखं वाटतं, बाई. ‘चालवावीत’ म्हटलं की कसं, माणसाला आपली जबाबदारी कळते.”

रस्ते खात्याचे साहेब मान तिरकी करून भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे बघत होते. रंग अजून ओला होता. ‘अपघातप्रवण क्षेत्र. वाहनचालकांनी दक्षता बाळगून वाहने सावकाश चालवावीत.’ मजकूर त्यांचा स्वतःचा. पहिल्या नातवाकडे बघावं तसे ते बघत होते. पाटी संध्याकाळी खाणीजवळच्या वळणावर लागणार होती.

समोर उभी असलेली बाई कपडे शिवते. तिचा दीर दुधाची गाडी चालवायचा. गेल्या महिन्यात त्याच वळणावरून तो गाडीसकट खाली गेला. आता त्याच्या जागी तिचा नवरा दूध नेतो, रोज पहाटे, तिथूनच. तो घरी परत येईपर्यंत तिच्या हातून एक टीप सरळ पडत नाही.

“साहेब, मला कठडा पाहिजे,” ती म्हणाली. “तिथं वाचायला वेळ कुणाला आहे? माणूस स्टिअरिंग सांभाळेल की वाचत बसेल?”

साहेब कीव आल्यासारखे हसले. लोकांना काय, कठडे हवे असतात. कठड्याला सिमेंट लागतं, माणसं लागतात, वरून मंजुरी लागते. शब्दांना काय लागतं? या खात्याने त्या वळणावर आजवर शब्दच ओतले. आधी नुसतं ‘पुढे वळण आहे’ होतं. तेव्हा एक ट्रक गेला. मग ‘पुढे धोकादायक वळण आहे’ झालं. तेव्हा दीर गेला. प्रत्येक मढ्यामागे मजकूर वाढतो, वळण तसूभर हलत नाही. आणि एकदा पाटी लागली, की पुढे जो मरेल तो सूचना देऊनही मेला, असं म्हणून हात झटकायला खातं मोकळं. पाटी उभी असते रस्त्यावर, पण राखते साहेबांची खुर्ची.

“भाषेत ताकद असते, बाई,” साहेब म्हणाले. “ही पाटी वाचली की माणूस आपोआप सावध होणार. माझा शब्द आहे. तुम्ही निर्धास्त राहा, नवऱ्यालाही सांगा.”

ती पाटी उचलून त्यांच्याच डोक्यात घालावी, असं बाईला वाटलं. पण उद्या पहाटे नवऱ्याला जायचंच होतं.

“निदान कडेला दगड तरी रचून द्या,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेब फोन नेहमी स्पीकरवर घेत. मुलीने नवी गाडी घेतलीय हे सगळ्या कचेरीला कळायला नको का?

“बाबा, उद्या सकाळी निघते. खाणीवरूनच येते, लवकर पोचेन.”

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. समोर बाई उभी आहे हेही विसरले.

“खाणीवरून? मुळीच नाही! पुलाकडून ये. लांब पडलं तर पडू दे. त्या वळणाकडे फिरकायचंसुद्धा नाही, सांगून ठेवतो!”

“अहो बाबा, पण तोवर तुमची नवी पाटी लागलेली असेल ना तिथे?”

“अगं वेडाबाई, पाट्या लोकांसाठी असतात!”