खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीचा पाट मांडून झाला होता. कोयता, विळी, बायकोची शिवणाची कात्री, सगळं हळदकुंकू लावून तयार. मी बंदूक काढायला कपाट उघडलं, तर खण रिकामा!

पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, तांदळाच्या पिंपातही हात घातला. वडिलांची दुनळी ती. मी तिच्या आवाजाने आंब्यावरची माकडं पळवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पण कुणी चोरून नेली असेल आणि भलतंच काही केलं असेल तर?

"शोधत काय बसलात? पोलीस ठाण्यात जाऊन सांगा," बायको म्हणाली. "नैवेद्य खोळंबलाय."

लायसन्स खिशात घालून मी निघालो. वाटेत स्वतःला दोनदा कोठडीत बघून घेतलं. ठाण्यात पोचलो तर तिथेही पूजाच चाललेली. टेबलावर रायफली, झेंडूच्या माळा आणि मधोमध माझी दुनळी, कुंकू लावलेली!

"निवडणुकीआधी तुम्हीच जमा केलीत, काका," हवालदारबाई पावती दाखवत म्हणाल्या. "निकाल लागून चार महिने झाले. दोन पत्रं पाठवली, तुम्ही फिरकलाच नाहीत. म्हटलं, हिलाच कशाला पूजेवाचून ठेवायची?"

मी हरखून हात पुढे केला.

"अंहं! पूजेला बसलेलं हत्यार आज हलवायचं नसतं. उद्या या."

मी घरी फोन लावला.

"सापडली गं! नैवेद्य इकडेच घेऊन ये. आणि पुरणपोळ्या जास्त घे, पोलीस अकरा आहेत."