चिवट गाव

दुष्काळात गावं कशी तग धरतात यावर अहवाल लिहायला खात्यानं त्याला सल्लागार म्हणून नेमलं. आठवडाभर तो एका गावात राहिला. चार दिवसांनी एकदा टँकर यायचा, तरी कुणाची कुरकुर नव्हती. "रडून बादली भरते होय?" दवाखान्यातल्या नर्सबाई हसत म्हणाल्या. तो भारावला. 'हे गाव कमालीचं चिवट आहे, ते स्वतःच्या बळावर उभं राहील,' असं त्यानं मनापासून लिहिलं. सचिवांनी पाठ थोपटली. महिन्याभरानं नर्सबाईंचा फोन आला. "साहेब, टँकर बंद झालाय. विचारलं की तुमचा अहवाल दाखवतात. इथं जुलाबानं दोन लेकरं गेली हो." तो धावतच सचिवांकडे गेला. "ते वाक्य काढून टाका, चूक झाली माझी." सचिवांनी फाईल मिटली. "अहो, त्याच वाक्यावर आणखी चाळीस गावांचे टँकर थांबवलेत. खाली सही तुमचीच आहे ना?"