कोट उसवणारं औषध

सिस्टरने शेवटची पट्टी सोडवली आणि डॉक्टर शिंप्याच्या नडगीवर वाकले. जखमेवर पुन्हा तीच बुळबुळीत साय धरली होती.

"औषध रोज लावता ना?" त्यांनी विचारलं.

"लावते ना. सकाळ-संध्याकाळ," शिंप्याची बायको म्हणाली.

सिस्टरने भुवई उंचावली. बायकोने ती पाहिली. शिंपी पाय स्टुलावर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

डॉक्टर सकाळीच लॅबमध्ये जाऊन आले होते. जंतू तेच होते, त्यांच्या अंगावरचा साखरेचा चिकट कोटही तोच. काचेच्या बशीत औषधाचा, म्हणजे त्या एन्झाइमचा, थेंब पडला की तो कोट विरघळत होता. वॉर्डात असताना नडगीवरही विरघळला होता. घरी गेल्यापासून मात्र नाही. आणि शेजारच्या खोलीतल्या सर्जननी गुडघ्याखालून पाय काढायचं परवावर आणून ठेवलं होतं.

"खरं सांगा हं, आजी," सिस्टर म्हणाली. "विसरलात तर विसरलात. आम्ही काही खाणार नाही तुम्हाला."

"मी तुमची आजी नाही. आणि खोटं बोलायला मी काही तुमच्याकडे नोकरीला नाही."

"अगं, राहू दे," शिंपी पुटपुटला.

"काय राहू दे? हे औषध म्हणे जंतू मारतच नाही. मग लावायचं कशाला? रंग नाही, वास नाही, चुरचुरतसुद्धा नाही. नळाचं पाणी भरून दिलं तरी आपल्याला काय कळणार आहे?"

"ते कोट उसवतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. एकदा उसवला, की मारायचं काम गोळ्यांचं."

"तुम्हाला तेवढंच बरोबर कळतं. उसवणं आणि शिवणं."

डॉक्टर तिच्या पिशवीकडे बघत होते. औषध बेसिनमध्ये ओतून टाकत असेल का ही? तोंडावर विचारावं, असं त्यांना वाटेना.

"आत्ता लावून दाखवा," ते म्हणाले. "घरी लावता अगदी तसंच."

तिने पिशवीतल्या बर्फाच्या डब्यातून बाटली काढली. बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा घासली. सिस्टरला त्यात खोट काढता येईना. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या विजेच्या किटलीपाशी गेली.

"चहाचं नंतर बघू," सिस्टर म्हणाली.

"चहा कोण पितंय?" तिने बाटली किटलीत सोडली आणि बटण दाबलं.

किटली गुणगुणू लागली.

"मी हे फ्रीजमध्ये ठेवा म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"फ्रीजमध्येच असतं. फ्रीजमधून काढूनच उकळते. घरी गॅसवर."

"रोज?"

"न चुकता."

"अहो बाई, उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघतं का? हेही तसंच आहे. उकळलं की संपलं. तुम्ही प्रत्येक बाटली मारून मग लावलीत."

"मग काय करू? ज्याच्यापासून हे काढलं तो जंतू खाणारा विषाणू गटारात सापडला, असं तुम्हीच म्हणालात. गटारातलं आणून यांच्या उघड्या मांसावर तसंच ओतू?"

डॉक्टर हे म्हणाले होते खरे. वॉर्डात पलंगाच्या काठावर बसून, मोठ्या कौतुकाने. शिंपी हसलाही होता. आता वापरतात ते एन्झाइम लॅबमध्ये वेगळं बनवलेलं, शुद्ध केलेलं असतं, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

सिस्टरने किटली बंद केली.

"इथे असताना औषध गार लागायचं," डॉक्टर शिंप्याला म्हणाले. "घरी गरम. तुम्हाला शंका नाही आली?"

"आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

शिंप्याने बायकोकडे पाहिलं नाही. "कोमट बरं वाटायचं. शिवाय जास्त गरम नको म्हणून ती आधी फुंकर घालायची."

डॉक्टर उठून सर्जनच्या खोलीत गेले. दाराआडून एक आवाज चढलेला ऐकू आला. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले. त्यापुढे नाही. आणि तोवर इथेच राहायचं, वॉर्डात."

"आणि सोमवारी?" बायकोने विचारलं.

"सोमवारी बघू."

सिस्टरने फ्रीजमधून नवी बाटली आणली. बायकोने ती तिच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, हलवून पाहिली, झाकणाचा वास घेतला आणि परत दिली.

पहिला थेंब पडताच शिंप्याचा पाय दचकून मागे गेला. तिने तो घोट्यापाशी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"घाला," ती सिस्टरला म्हणाली. तिची नजर मात्र बाटलीवरून हलली नाही.