रिकामा डबा

स्वरदानं घरमालकीण द्वारकाबाईंचा पिठल्याचा डबा लख्ख घासून परत आणला. बाई भडकल्याच. "टँकर येतो आठ दिवसांनी, अन् तू डबे घासतीस व्हय? वरून रिकामा आणलास! आमच्या सिल्लोडला रिकामा डबा कुणी माघारी देत नाय." स्वरदा रडवेली झाली. "काकू, डोकंच चालत नाही. आजारी पेशी शेजारच्या पेशीला इवल्याशा पुड्या पाठवून बिघडवते, यावर माझं संशोधन. सर म्हणतात, यात नवीन काय? आज सांगा, नाहीतर विषय बदला." द्वारकाबाईंचा राग निवळला. "मंग ती शेजारीण उलट काय धाडती?" प्रयोगशाळेत हे कुणी विचारलंच नव्हतं. पायरीवरूनच तिनं सरांना फोन लावून तोच प्रश्न सांगितला. पलीकडून "करा सुरुवात!" ऐकताच ती डबा घेऊन वर आपल्या खोलीत धावली आणि हंड्यातलं पाणी काठोकाठ भरून, थेंबही न सांडता, खाली आली.