ड्रमवरचा पाटा

बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं, तसा सोनियानं ड्रम काठोकाठ भरला. दोन वर्षांची जुई आत वाकेल या धास्तीनं झाकणावर दगडी पाटा ठेवला.

सासूबाई आजेसासऱ्यांच्या नावानं पितरांचं पान वाढत होत्या. "मामंजींची आगबोट बुडाली तवा खालच्या मजल्याची दारं बंदच व्हती. आतून लई ठोकलं म्हनं लोकांनी."

"आत्या, पोरीसमोर नका ना!" सोनियानं सासूबाईंना अडवलं.

ड्रममध्ये ठकठक झाली.

सोनियानं झटकन जुईला कडेवर घेतलं. पाटा जागचा हलला नव्हता.

"आई, दार उघड," ड्रममधून जुईचा आवाज आला.

कडेवरची जुई गप्प होती. तिच्या केसांतलं पाणी सोनियाच्या ओठांवर ओघळलं. ते खारट होतं.